बाईंच्या हातचा नारळ

आमच्या वाडीच्या शाळेत आईची तसबीर लावायची आहे. सत्यवान तांडेलाने मला सासरी, कसालला निरोप धाडला, की सुभद्राताय, तसबिरीखाली लिहायला काहीतरी दे. एक शब्द त्याने स्वतःच सुचवला होता, 'निर्भय'. मी अजून त्याला उत्तर दिलेलं नाही. वाडीत कुणालाही विचारा, आईबद्दल हेच सांगतील. जानकीबाई कुणाच्या बापाला भ्यायल्या नाहीत. मी पोटची मुलगी, पण मांजर आडवं गेलं तरी माझ्या पोटात गोळा येतो. त्यामुळे भीतीबद्दल बोलायचा अधिकार आमच्या घरात माझा आहे असं मी समजते, आणि म्हणून साठ सालच्या नारळी पुनवेला काय झालं ते मी एकदाचं लिहून काढते.

माझे वडील मुंबईला गोदीत कामाला होते आणि तिथेच तापाने गेले. मी तेव्हा पाळण्यात होते. सासरच्यांनी आईला घरातला कोपरा दाखवला. तो तिने काही दिवस सोसला आणि मग माहेरी जाऊन, वडिलांच्या मागे लागून सातवीची फायनल परीक्षा दिली. लोकल बोर्डाने तिला शिक्षिका म्हणून नेमलं ते आमच्या या वाडीवर, तोंडवलीच्या अलीकडे, एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. इथे शाळा म्हणजे पावसाळ्यात वल्ही ठेवायची कोरडी जागा अशीच लोकांची समजूत होती. रापणीच्या दिवशी तर वर्गात चिटपाखरू नसे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी ओढायचं भलंमोठं जाळं, त्याला लहानथोर सगळे हात लागतात. आईने दोनचार वेळा आरडाओरडा करून पाहिला आणि मग ती स्वतःच फळा घेऊन किनाऱ्यावर गेली. पोरं दोर ओढत आणि पाढे म्हणत. म्हातारे हसले, पण हळूहळू त्यांनाही पंधरापर्यंत पाढे येऊ लागले.

अशी ती बाई निवृत्त झाली. वाडीने देवळात बैठक घेतली, बाईंचा सत्कार कसा करायचा म्हणून. मी श्रावणात माहेरी आले होते, तेव्हा बायकांच्या बाजूला बसून सगळं ऐकत होते. शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं बोलून झालं. मग सत्यवान उठला. त्याच्या हाताखाली दोन होड्या होत्या, लोक त्याचा शब्द ऐकत.

तो म्हणाला, "शाल काय, मुंबयसूनय येता. ह्या पुनवेक दर्याचो नारळ बायंच्या हातान सोडूया."

देवळातल्या सगळ्या माना भिकाजीकडे वळल्या. नारळी पुनवेला समुद्राला नारळ द्यायचा मान भिकाजीच्या घराण्याचा. त्याचा आजा द्यायचा, बाप द्यायचा, आता भिकाजी देत होता. नारळ गेल्याशिवाय होड्या पाण्यात लोटत नाहीत. आणि तो नारळ बाईमाणसाने सोडायचा, तीही विधवेने! सवाष्णीसुद्धा त्या दिवशी पाण्यापासून चार हात लांब उभ्या राहतात, विधवा तर घराबाहेरच पडत नाहीत. भिकाजी भांडेल, आरडाओरडा करेल, विषय तिथेच मिटेल, अशी मी वाट बघत होते.

भिकाजी भांडला नाही, हेच वाईट झालं. तो शांतपणे म्हणाला, "बाय माझ्यापेक्षा मोठी, ह्यात वाद नाय. पण दर्यो काय बायंच्या शाळेत शिकूक नाय." एवढं बोलून त्याने सोवळ्यातला पंचा झटकला आणि तो घरी गेला. त्याचा नकार नव्हता, म्हणून ठराव झाला.

घरी आल्यावर मी आईच्या मागे भुणभुण लावली. होड्या गेल्या आणि एखादीला काही झालं तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटेल, हे तिला मी दहा तऱ्हांनी सांगितलं. सगळं आयुष्य या वाडीत घालवलंस, आता म्हातारपणी कपाळकरंटी म्हणवून घ्यायचं आहे का, असंही विचारलं. तिच्यावर कुणी बोट दाखवलेलं मला पाहवणार नव्हतं, आणि ती या वाडीखेरीज कुठे जगणारही नव्हती. आई कुळीथ पाखडत होती. माझं सगळं बोलून संपेपर्यंत तिने सूप खाली ठेवलं नाही.

मग म्हणाली, "मी नको म्हटलंय तर ते आयकतले. मगे शेवंतीन जन्मभर माडाआडच रवाचा काय गो?"

शेवंती आमच्या शेजारची. आईच्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकलेली, हुशार मुलगी. आदल्या वर्षी तिचा नवरा सर्प डसून गेला, तेव्हा तिला विसावं सरलं नव्हतं. सकाळी होडीवर जाणारी माणसं तिला वाटेत पाहिलं की मागे फिरत, म्हणून ती बिचारी कुणाची चाहूल लागली की माडाच्या बुंध्याआड उभी राहायची. आईला ते रोज दिसत होतं. मलाही दिसत होतं, पण मी तिकडे बघायचं टाळत होते.

पुनवेला ढोल वाजवत सगळी वाडी किनाऱ्यावर आली. समुद्र अजून पावसाळ्यातलाच होता, गढूळ आणि चढलेला. आई पांढऱ्या लुगड्यात, पदर घट्ट खोचून पुढे चालत होती. पाण्याजवळ गेल्यावर भिकाजीने कुंकू लावलेला नारळ तिच्या हातात दिला आणि तो मागे सरला. आता गाऱ्हाणं व्हायचं होतं. आमच्याकडे देवाकडे मागायचं ते मोठ्याने मागतात. एकाने एकेक मागणं घालायचं, की सगळ्या होड्या सुखरूप आण, म्हावरं भरभरून दे, आणि बाकीच्यांनी दरवेळी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. भिकाजीच ते घालेल असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. भिकाजीने मात्र जाहीर केलं, की नारळ ज्याच्या हाती, गाऱ्हाणंही त्यानेच घालायचं.

आई गुडघाभर पाण्यात उभी राहिली. आमच्याकडे तिची पाठ होती. सगळी वाडी 'व्हय म्हाराजा' म्हणायला तोंड उघडून उभी. पण आईचा आवाज काही येईना. जिचा आवाज रापणीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा, ती बाई गप्प. एवढ्यात एक मोठी लाट आली, आई कमरेपर्यंत भिजली, आणि लाट मागे गेली तेव्हा तिच्या हातात नारळ नव्हता.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी सत्यवानच हसला आणि म्हणाला, की बाईंनी मनातल्या मनात मागितलं असेल, दर्याला तेही ऐकू जातं. ढोल पुन्हा सुरू झाले. परत येताना आई वाटेत थांबली, माडाआडून लपून बघणाऱ्या शेवंतीला हाताला धरून बाहेर काढलं आणि सगळ्या सवाष्णींच्या रांगेत आपल्या शेजारी उभं केलं. त्या दिवशी कुणी काही म्हणालं नाही. पण भिकाजीच्या तोंडावरचा रंग मी पाहिला होता. म्हणायचं ते म्हणून झालंच नव्हतं, आणि नारळ गेला होता.

तीन दिवसांनी होड्या पाण्यात गेल्या. दुपारनंतर वारा फिरला. आभाळ काळं पडलं, माड जमिनीला टेकायला लागले. दिवेलागणीच्या आत सगळ्या होड्या कशाबशा किनाऱ्याला लागल्या. एक आली नाही. सत्यवानाची. तिच्यावर तो, त्याचा भाऊ बाबली आणि महादू असे तिघे होते. रात्रभर लोक किनाऱ्यावर माडाच्या झावळ्यांच्या चुडत्या पेटवत राहिले, आणि पाऊस त्या विझवत राहिला. मी अंथरुणात पडून देवाचं नाव घेत होते. आई बसून होती.

सकाळी पाऊस थांबला, तर वाडीत कुजबुज सुरू झालेली. पाणी भरायला गेले तेव्हा विहिरीवर बोलणाऱ्या बायका मला बघून घागरी उचलून निघाल्या. मग कुणीतरी बातमी आणली, की भरतीच्या रेघेवर नारळ पडलाय, कुंकू लावलेला. आता खरं सांगायचं तर पुनवेचा नारळ बहुतेक वर्षी परत येतो. पोरं त्यावर झडप घालतात, फोडून खोबरं खातात, आणि आम्ही सगळे तेच खोबरं खाऊन मोठे झालो. पण त्या सकाळी एका पोराने त्याला हात लावला नाही. दर्याने नारळ परत दिला, असं तोंडातल्या तोंडात जो तो म्हणत होता. मी घागर अर्धीच भरून घरी पळाले.

आईला म्हटलं, आत्ताच्या आत्ता माझ्यासोबत कसालला चल. होडी खाडीपलीकडे सोडेल, मालवणातून गाडी मिळेल. चार दिवस राहा, इथलं निवळलं की ये. ती केस विंचरत होती. फणी बाजूला ठेवून म्हणाली, "लोकांका माका शोधीत घराकडे येवक लागता नये. मी थंयच बसतलंय."

आणि ती खरंच जाऊन किनाऱ्यावर बसली, सगळ्यांना दिसेल अशी, होड्या ओढून ठेवतात तिथे. मीही गेले. मन पळ म्हणत होतं आणि पाय तिच्या मागे चालत होते. थोड्या अंतरावर त्या तिघांच्या घरच्या बायका बसल्या होत्या. सत्यवानाची बायको रुक्मिणी समुद्रावरून नजर काढत नव्हती. आमच्याजवळ कुणी आलं नाही. एरवी आईच्या पाया पडल्याशिवाय पुढे न जाणारी माणसं लांबून वळसा घालून जात होती.

दुपारी शेवंती आली. तिच्या हातात बोचकं होतं. तिच्या जावेने तिचे कपडे अंगणात आणून टाकले होते आणि सांगितलं होतं, की एक पांढऱ्या कपाळाची पाण्यात उभी राहिली आणि दुसरी सवाष्णींत, आता वाडीत प्रेतं येतील ती बघ. शेवंती हे सांगताना रडलीसुद्धा नाही, इतकी ती घाबरली होती. आईने तिला आपल्या मागे बसवलं. तोपर्यंत मी फक्त आईसाठी भीत होते. बोट आईवर थांबणार नाही, पुढे जाईल आणि या पोरीला आयुष्यभर पुरेल, हे मला तेव्हा कळलं. आईला ते आधीच कळलं असावं, कारण त्यानंतर तिचा चेहरा दगडासारखा झाला.

थोड्या वेळाने रुक्मिणी उठली आणि आमच्याकडे यायला निघाली. तिच्यामागून बाकीच्या बायका, त्यांच्यामागून पुरुष. भिकाजीही होता. मी आईचा हात घट्ट धरला. मला वाटलं, आता ही शिव्याशाप देणार, कदाचित अंगावर येणार. रुक्मिणी समोर येऊन उभी राहिली. तिचे ओठ वाळले होते.

"बाय," ती म्हणाली, "नारळ सोडताना तुमी काय मागलात?"

एवढंच. सगळे ऐकायला थांबले. आईने उत्तर द्यायला वेळ लावला. एक वाक्य बोलायचं होतं, की सगळ्यांचं भलं मागितलं. कुणीही तेच बोललं असतं. आई मान खाली घालून वाळूकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "सांज होयसर वाट बघूया गो. तिनसांजेक सगळ्यांसमोर सांगतंय."

लोकांत एकदम चुळबुळ झाली. म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे! भिकाजीने डोळे मिटून घेतले. रुक्मिणी तिथेच वाळूत बसली, आणि आता सगळी वाडी आमच्याभोवती बसली, अर्धे डोळे समुद्रावर आणि अर्धे आईवर. मी आईच्या कानाशी लागून विचारलं, काय सांगणार आहेस? तिने मला गप्प राहायला सांगितलं. ती संध्याकाळ मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. सूर्य ढगाआडून खाली जात होता आणि माझ्या मनात एकच, की हा थोडा वेळ थांबू दे. तिने खरंच काही वाईट मागितलं होतं का, असाही विचार माझ्या मनात येऊन गेला. भीतीने माणूस जन्मदात्या आईबद्दलही काय काय विचार करतं.

उजेड लाल व्हायला लागला तशी आई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळू. लुगड्याची वाळू झटकली, पदर नीट केला, वर्गात पहिल्या तासाला उभी राहायची तशी उभी राहिली. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने तोंड उघडलं.

आणि मागून, माडातल्या वाटेवरून, कुणीतरी रुक्मिणीला हाक मारली.

आम्ही सगळे समुद्राकडे तोंड करून बसलेलो, आणि ते तिघे आले जमिनीवरून. वाऱ्याने शीड फाटलं, होडी देवगडच्या बाजूला वाहत गेली, तिथल्या एका खाडीत ती शिरली, आणि दिवस उजाडल्यावर होडी तिथेच बांधून ते चालत निघाले होते. महादूचा हात मोडला होता, गळ्यात बांधलेला. सत्यवानाच्या पायांतून रक्त येत होतं. पण तिघेही होते. त्यानंतर जे रडणं आणि हसणं झालं त्यात आईकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही. शेवंतीच्या जावेने येऊन ते बोचकं मुकाट्याने उचललं. मी आईला घेऊन घरी आले.

घरी आल्यावर मी चूल पेटवली. आईने दिवा लावायला काडी ओढली, ती विझली. दुसरी ओढली, तीही विझली. मग मी बघितलं, तर तिचे दोन्ही हात लटलट कापत होते. मी काडेपेटी तिच्या हातातून काढून घेतली आणि दिवा लावला. आणि विचारलं, की होडी आली नसती तर तू काय सांगणार होतीस.

ती पाटावर बसली. म्हणाली, "सांगणार हुतंय, की वाडीसाठी मी कायच मागूक नाय. फक्त माझ्या चेडवाचा बरा मागलंय. दर्यान ता आयकल्यान आणि तो रागावलो."

तिचं चेडू म्हणजे मी, तिची मुलगी. मला काही कळेना. म्हटलं, अगं, लोक तुझ्या तोंडावर थुंकले असते.

"माझ्या तोंडार थुकले असते. शेवंतीच्या नाय," आई म्हणाली. "विधवेचो दोष नाय, जानकीचो दोष. येकटीचो."

चुलीतलं लाकूड फुटलं आणि मी दचकले. सबंध दिवस मी तिला वाचवायच्या खटपटीत होते, आणि ती तिथे बसून स्वतःला कसं बुडवायचं त्याची तयारी करत होती. मला तिचा राग आला, आणि रडूही आलं. डोळे पुसून मी विचारलं, की मग खरं काय मागितलं होतंस?

ती माझ्याकडे बघेना. "कायच नाय गो. हात असे कापी हुते, नारळ हातातसून पडता काय, येवढाच भिया. मागूचा रवला."

मग ती बोलत राहिली, आजवर कधी बोलली नव्हती ते. भिकाजीने गाऱ्हाणं तिच्यावर टाकलं तेव्हा तिला एक शब्द सुचला नाही. पूर्वी शाळा उघडताना रोज सकाळी तिला धडकी भरायची, की आज एकही पोर आलं नाही तर बोर्ड शाळा बंद करील आणि आपण पुन्हा त्या कोपऱ्यात जाऊ. साहेब तपासणीला आले की तिला रात्रभर झोप नसायची. माझं लग्न, तिच्या वडिलांचं आजारपण, मला न दाखवता ती सगळ्याला भ्यायलेली होती. मी ऐकत होते आणि मला वाटत होतं, की माझी आई मला आत्ता कुठे भेटते आहे.

दारात पावलं वाजली. रुक्मिणी होती. तिचे डोळे सुजले होते आणि चेहरा उजळला होता. ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"बाय, तुमी सांगतंय म्हणालात," ती म्हणाली. "काय मागलात तां?"

आईने हात पदराखाली घेतले, म्हणजे ते रुक्मिणीला दिसणार नाहीत. मग तिच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, "तुझ्या घोवाचा नाव पयला घेतलंय. मगे बाबलीचा, मगे म्हादूचा."

रुक्मिणीने उंबऱ्यावर डोकं ठेवलं आणि हुंदके देत ती निघून गेली. धडा आला नाही म्हणून आईने कुणाला मारलं नाही, पण खोटं बोलल्याबद्दल या वाडीतल्या प्रत्येकाने तिची छडी खाल्ली होती, रुक्मिणीनेसुद्धा. पावलांचा आवाज लांब गेल्यावर आईने मला दार लावून घ्यायला सांगितलं. मी कडी घातली. ती इतकी कापत होती, की तिला धरल्यावर मीही तिच्याबरोबर हलायला लागले, आणि भात करपल्याचा वास येईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.